मैलाला नऊशे पावलं

शिरवण्याच्या मिठागरावर मी सतरा वर्षं पाट्या मोजल्या. मोजायची सवय लागली की माणूस नको तिथंही मोजत बसतो. शिवाच्या हॉटेलात कोण किती कप चहा पितो आणि त्यातले दुसऱ्याच्या जिवावर किती, हे माझ्या डोक्यात आपोआप मांडलं जातं. लग्नात व्याही किती वेळा हसला आणि त्यातलं मनापासून किती, तेही. माझी बायको काशी म्हणते, यांच्यासमोर जेवायला बसलं की भूकच अर्धी होते. या सवयीनं फारसं कुणाचं नुकसान झालं नाही. एकाचं झालं. त्याचं नाव गोटीराम.

मिठागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जानेवारीपासून मेपर्यंत कोंड्यांमध्ये, म्हणजे खाडीचं पाणी अडवलेल्या उथळ वाफ्यांमध्ये, मीठ धरतं. ते ओलं असतानाच पाटीत भरायचं आणि डोक्यावर घेऊन राशीपर्यंत न्यायचं. वाट म्हणजे दोन कोंड्यांमधला हातभर रुंदीचा बांध. त्यावरून जाणारे भरलेले आणि येणारे रिकामे, दोघांनी एकमेकांना चुकवत धावायचं. पाटी हलली की खारं पाणी निथळून डोळ्यांत उतरतं, आणि ते एकदा उतरलं की दिवसभर डोळा उघडवत नाही. म्हणून आमच्या लोकांची एक चाल बनलेली आहे. गुडघा थोडा मोडलेला, पाऊल आखूड, भराभर, आणि पडायचं ते बरोबर डोक्याच्या खाली. लांबून बघितलं तर माणूस चालतो आहे की सरकतो आहे, कळत नाही.

बांधाच्या टोकाला माझी खुर्ची. पाटी समोरून गेली की मी वहीत रेघ मारायची. संध्याकाळी प्रत्येकाचा आकडा वाचून दाखवायचा. त्या आकड्यावर वाद घालायचा नाही, अशी मिठागराची रीत. डोक्यावर ओझं असताना मोजता येत नाही, म्हणून मोजणाऱ्याचं खरं धरायचं, असं आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. सतरा वर्षांत मला एकदाही कुणी "दादा, एक कमी लिहिली" म्हटलं नाही. मी दोन-चारदा तरी चुकलो असेन.

एकसष्ट साली गोटीराम बावीस वर्षांचा होता. बुटका, छातीनं रुंद, बोलायला कमी. बायको पुतळा. ती त्याच्याच मागे पाटी घेऊन धावायची आणि बोलायचं काम दोघांच्या वाटचं तीच करायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तिची कूस दोनदा रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी भागीरथी सुईणीनं सांगितलं की ही ओझं वाहायची थांबली नाही तर तिसरं पोरही राहणार नाही. हे मला काशीनं सांगितलं. गोटीरामनं एवढंच विचारलं की दादा, बारमाही नोकरी कुठं मिळंल काय.

नोकरीची एक वाट होती. प्रजासत्ताक दिनाला बेलापूरहून तुर्भ्याच्या दिशेनं सहा मैलांची शर्यत व्हायची. मुंबईतल्या एका गिरणीला आपल्या संघात पळणारे हवे असत. त्यांचा माणूस शर्यत बघायला येई आणि पहिल्या दोघांना गिरणीत कायम करून घेई. आदल्या वर्षी कामोठ्याचा एक गडी पहिला आला होता. तो आता महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर करतो, हे पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होतं. गोटीराम पाटी घेऊन कसा पळतो ते मी रोज बघत होतो. मी म्हटलं, तू पळ, तयारी मी करून घेतो.

मला कुणी सांगितलं नव्हतं. सहावी शिकलेला मी, धावण्याबद्दल मला काय कळत होतं? पण बांधावर खुर्ची असली की माणसाला आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं.

दसऱ्यानंतर भातं कापून झाली तशी सुरुवात केली. मिठागराच्या शेठकडून सेकंदाचा काटा असलेलं खिशातलं घड्याळ मागून आणलं. मी सायकलवर, गोटीराम पुढे. सडकेवर मैलाचे दगड होतेच. पहिल्या दिवशी त्याला सांगितलं, तुझ्या मनानं पळ. सहा मैलांना तेहतीस मिनिटं दहा सेकंद लागले. पावलंही मोजली. उजवा पाय तेवढा मोजायचा, पन्नास झाले की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचा. मैलाला अकराशे पावलं भरली. थांबल्यावर तो नीट बोलू शकत होता. मला म्हणाला, दादा, तुमचीच सायकल धापतंय.

आता माझं शहाणपण ऐका. कामोठ्याच्या गड्याची पावलंही मी आदल्या वर्षी, सवयीनं, मोजून ठेवली होती. त्याला मैलाला नऊशे लागत होती. म्हणजे गोटीराम दर मैलामागे दोनशे पावलं फुकट घालवत होता, सहा मैलांत बाराशे. ती वाचवली की दम वाचला, दम वाचला की वेळ वाचला. मला ते इतकं स्वच्छ दिसलं की आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. कामोठ्याचा गडी गोटीरामपेक्षा वीतभर उंच होता. ते मी मोजलं नव्हतं.

नऊशे पावलांत मैल म्हणजे एक पाऊल पाच फूट दहा इंचांचं. रुंद बांधावर मी तेवढ्या अंतरानं कारवीच्या काठ्या आडव्या टाकल्या. दोन काठ्यांमध्ये एकच पाऊल पडलं पाहिजे. गुडघा वर, टाच पुढे, पाय फेकायचा. पहिले आठ दिवस तो काठ्यांवरच पडत होता. जोर वाढावा म्हणून ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात पोटरीभर रुतून पळवला. एक दिवसाआड सडकेवर पाव-पाव मैल जिवाच्या आकांतानं पळायचं, मध्ये तेवढंच चालायचं, असं आठ वेळा. हे शेवटचं तेवढं बरोबर होतं, असं मला पुढे एका जाणत्यानं सांगितलं. तेवढंच.

गावाला करमणूक झाली. शिवानं मला हॉटेलात सगळ्यांदेखत विचारलं, वामन, बैल नवा घेतलास तो नांगराला लावणार की टांग्याला? गोटीराम ऐकून हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काठ्यांपाशी हजर.

पुतळा हसली नाही. एक दिवस ती पाणी घेऊन आली आणि बांधावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं आली.

"वामनदादा, याचा पाय पुढं पडतंय."

"पुढंच पडायला पाहिजे. शर्यत पुढं आहे."

"तसं नाय. आमी पाटी घेतो तवा पाय डोईखाली पडतंय, म्हनून दुखत नाय. ह्यो पाय पुढं टाकतंय आनि मग सोताच त्याच्यावर आदलतंय. दर टायमाला."

मी तिला म्हटलं, पाटी वाहणं वेगळं आणि शर्यत वेगळी. इथं डोक्यावर काही नाही. ती म्हणाली, डोकं तरी हाय ना. मी हसलो. गोटीरामही हसला, माझ्याकडं बघून. तिनं तांब्या ठेवला आणि निघून गेली.

घड्याळ माझ्या बाजूनं होतं, ही खरी पंचाईत. मी रोज एकाच मैलाचा वेळ घ्यायचो. पहिल्या दिवशी एका मैलाला साडेपाच मिनिटं लागत होती. डिसेंबरच्या शेवटी तो लांब ढांगा टाकून पाच मिनिटं चार सेकंदांत मैल मारायला लागला. मी त्याला सहानं गुणलं. तीस मिनिटं चोवीस सेकंद. इतक्या वेळात त्या सडकेवर कुणी पळालं नव्हतं. एक पाटी भरायला अमुक वेळ, तर शंभर पाट्यांना किती, असा माझा जन्मभराचा हिशेब. माणसाचा सहावा मैल पहिल्यासारखा नसतो, हे कळायला माझ्यासमोरचा बांध पुरेसा होता. सकाळची पाटी आणि दुपारची पाटी मी कित्येक वर्षं बघत होतो.

त्याच्या नडग्या दुखायला लागल्या होत्या. तो तेल चोळून घ्यायचा. मी म्हटलं, नवी चाल बसते आहे, दुखणारच. खरं सांगायचं तर त्या दुखण्यानं मला बरंच वाटलं. काहीतरी घडतं आहे असं वाटलं.

सव्वीस जानेवारीला बेलापुरात अठ्ठावीस जण उभे राहिले. कामोठ्याचा गडी आता गिरणीचा, त्यामुळे शर्यतीत नव्हता. गिरणीचा माणूस जीपमध्ये बसून होता. पुतळा आली नाही. तिला पाटीवर जायचं होतं.

मी सायकलवर मागे, खडे खिशात. पहिला मैल पाच मिनिटं सहा सेकंद. गोटीराम सगळ्यांच्या पुढे, ढांगा अशा की रस्त्यावरची पोरं ओरडत होती. खडे मोजले तर बरोबर नऊशे. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद क्वचित झाला असेल, आणि तो मी लपवलाही नाही, घंटी वाजवत सुटलो. दुसऱ्या मैलाला पाच वीस. तिसऱ्याला पावणेसहा मिनिटं, आणि एकेक जण त्याच्या पुढे जायला लागला. चौथ्या मैलाला पुरी सहा मिनिटं लागली. तो सातवा होता. पाय रस्त्यावर आपटल्याचा आवाज मला मागे सायकलवर ऐकू येत होता. तोंड उघडं, मान मागे टाकलेली.

पाचव्या मैलात काहीतरी बदललं. त्याच्यात ढांग टाकायचं बळच उरलं नव्हतं. गुडघा मोडला, मान सरळ झाली, पाय आखूड, भराभर पडायला लागले. आवाज बंद झाला. तो सरकायला लागला. एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. पाचव्या दगडापाशी तो तिसरा होता आणि दुसरा जेमतेम तीस पावलं पुढे. ते अंतर तुटत होतं, मला दिसत होतं. डोळ्यांनी दिसत होतं आणि मी बघत होतो खड्यांकडं. मैलाला एक हजार ऐंशी झाली होती. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते आहे, असं मला वाटलं. मी सायकल पुढे काढली आणि त्याच्या कानाशी ओरडलो.

"गोटीराम, चाल मोडली. लांब टाक. नऊशे."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोजणाऱ्यानं सांगितलं, त्यानं पाय लांब टाकला. दहा पावलांत पुन्हा तो आपटल्याचा आवाज सुरू झाला. तीस पावलांची चाळीस झाली. शेवटच्या पाव मैलात तो दात-ओठ खाऊन पुन्हा जवळ आला, पण पुरला नाही. दुसरा आला तो तेहतीस मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत. गोटीराम तेहतीस मिनिटं तेहतीस. पाच सेकंद.

गिरणीच्या माणसानं पहिल्या दोघांची नावं लिहून घेतली. जीप गेली.

परतताना शिवाच्या हॉटेलात थांबलो. लोक जमले. काय झालं, कसं झालं, सुरू झालं. मी तोंड उघडायच्या आत गोटीरामच म्हणाला की दादाचं सगळं बरोबर होतं, पाचव्या मैलात आपणच चाल मोडली, दादानं हाक मारली म्हणून निदान तिसरा तरी आलो. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या वेळी मला ते खरंच वाटलं होतं, एवढं माझ्या बाजूनं सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाट्या थांबल्या तेव्हा खुर्चीवर बसून मी एका सुट्या पानावर आकडे मांडले. पाचव्या मैलाला साडेपाच मिनिटं लागली होती. थकलेल्या माणसाचा पाचवा मैल, आणि तो तिसऱ्या-चौथ्यापेक्षा जलद. सहाव्याला, माझ्या हाकेनंतर, पाच बावन्न. मग दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवसाचं पान काढलं. तेहतीस मिनिटं दहा सेकंद. मी काहीही शिकवलं नसतं आणि तो नुसता येऊन आपल्या मनानं पळाला असता, तर अठरा सेकंदांनी दुसरा आला असता.

तेही मी त्या सुट्या पानावर लिहिलं आणि पान वहीत ठेवलं. पाट्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, समोर बांधावरून पुतळा पाटी घेऊन येत होती. मी रेघ मारली.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. त्या उद्याचे किती दिवस झाले ते मात्र मी मोजलं नाही. गोटीराम तर पुढच्या वर्षाच्या तयारीला लागला होता. चाल मोडायला नको, या एकाच गोष्टीचा त्यानं ध्यास घेतला. काठ्या त्यानं स्वतः टाकल्या. माझी गरजही राहिली नव्हती. तो स्वतःच पावलं मोजायचा, ओठ हलायचे. आता त्याला सांगायचं म्हणजे सगळ्या गावासमोर माझं मोजणं खोटं ठरवायचं. मी मनाची समजूत घातली की एव्हाना पाय तयार झाले असतील, या खेपेला कदाचित नऊशेनंही जमेल. काशीनं एकदा विचारलं, तुम्ही हल्ली त्याच्या काठ्यांपाशी जात नाही, काय झालं? मी म्हटलं, त्याला येतं आता सगळं.

त्रेसष्टच्या शर्यतीत तिसऱ्या मैलाला त्याच्या डाव्या पायाची नडगी मोडली. काही आपटलं नाही, तो पडला नाही, नुसतं पळता पळता हाड गेलं. पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज थोडं थोडं चिरत आलं असणार. तो दोन महिने खाटेवर होता, त्यामुळे पुतळा दोघांच्या वाटच्या पाट्या वाहत होती. मार्चमध्ये तिसऱ्यांदा तिची कूस रिकामी झाली. त्या सकाळी तिच्या नावापुढे माझ्या हातच्या एकोणचाळीस रेघा आहेत. त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत.

गोटीरामचा पाय जुळला, पण चाल परत आली नाही. पाटी घेतली की तो आधी विचार करायचा आणि मग पाय टाकायचा. आखूड टाकू की लांब, हे पायाला आतून कळत नव्हतं. बांधावर एका दिवसात तीनदा पाटी सांडली तसं त्याला कोंडीतलं मीठ काठाला ओढायच्या कामावर घेतलं. सदुसष्ट साली सडकेला एक रंगाचा कारखाना निघाला आणि तिथं त्याला फाटकावर बसायची नोकरी मिळाली. बारमाही. पुतळा पाटीवरून उतरली. तिला आता उतरायचं काही कारण उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी, अडुसष्टच्या दिवाळीनंतर, मी त्यांच्याकडं गेलो. मिठागर बंद व्हायच्या बेतात होतं, माझी खुर्चीही जाणार होती, आणि ती वही शेठला परत करायच्या आधी मला ते पान त्याला दाखवायचं होतं. त्यानं चटई टाकली, खाकी कपड्यात होता, ड्यूटीवरून नुकताच आलेला. मी पान पुढे केलं आणि सगळं सांगितलं. पाचवा मैल, सहावा मैल, हाक, अठरा सेकंद. इतकं सरळ मी कधी कुणाला काही सांगितलं नसेल.

तो पान बघून हसला. म्हणाला, दादा, येवढं मनाला लावून घेतलंत? तुमी मोजलेलं चुकंल कसं? पाचव्या मैलाला पुढचेच थकले व्हते, म्हनून मी पुढं गेलो. मी पुन्हा समजावलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, उलट मलाच धीर दिला. मग म्हणाला, त्रेसष्टला मी एक हजार वीसपर्यंत घसरत व्हतो, तवाच मना कललं का आपली चूक हाय.

पुतळा दारात बोंबील निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "यो कागद कवाचा हाय, वामनदादा?"

मी म्हटलं, बासष्टचा. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचा.

ती निवडायची थांबली.

"मंग तवा दावाचा व्हता. तवा यो पलत व्हता."

तिनं सूप उचललं आणि आत गेली. गोटीराम अवघडला. त्यानं कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली, दाराकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, तिचं बोलनं मनावर घेव नका."

मी म्हटलं, नाही घेत.